तिसऱ्या वळणाचा मार्शल

१

वैभवीच्या गाडीचं मागचं डावं चाक दुपारी बाराच्या सुमारास सुटलं आणि गडगडत माझ्या पायाशी येऊन थांबलं. गाडीनं तीन कोलांट्या खाल्ल्या, सिमेंटच्या खांबावर आदळली आणि उलटी पडली. उरलेली तीन चाकं हवेत फिरत राहिली.

घाबरू नका, माणूस कोणी मेलं नाही. गाडी हातभर लांबीची, रिमोटवर चालणारी. पण आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावात ज्या दहा-बारा जणांना या गाड्यांचं वेड आहे, त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. उपांत्य शर्यत चालू होती. संध्याकाळच्या अंतिम शर्यतीत जो जिंकेल तो जिल्ह्यातर्फे नागपूरच्या मोठ्या स्पर्धेला जाणार होता, आणि वैभवी जिंकणार हे गेटवरच्या कुत्र्यालाही माहीत होतं.

वाशीम रोडला कापसाची एक बंद पडलेली जिनिंग मिल आहे. तिच्या आवारात मोटार रिवाइंडिंगवाल्या जब्बारचाचांनी पाच वर्षांपूर्वी हा मातीचा ट्रॅक केला. वळणांना जुने टायर, आणि रिमोट घेऊन उभं राहायला ट्रॅक्टरची एक मोडकी ट्रॉली. भिंतीवर त्यांनी स्वतःच्या हातानं नियम रंगवले आहेत. एक फेरी मागे पडलेल्यानं पुढच्याला वाट द्यावी. ज्याची शर्यत झाली त्यानं पुढच्या शर्यतीत मार्शल म्हणून वळणावर उभं राहावं, पडलेली गाडी सरळ करावी. कोणाच्या गाडीत खोट दिसली तर मार्शलनं नंबर घेऊन ओरडावं. कोणी हत्यार मागितलं तर नाही म्हणू नये. गाडी कशीही चालवा, पण वागा नीट, असा चाचांचा खाक्या.

आता माझ्याबद्दल. मी धम्मरत्न, पंचायत समितीत कनिष्ठ सहायक. सलग तीन वर्षं या ट्रॅकचा विजेता होतो. मग आसेगावची वैभवी इथं मामाच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला आली, एका रविवारी शर्यत बघायला आली, आणि मला म्हणाली, "दादा, मले शिकवसान का?" मी शिकवलं. वळणात रिमोटवरचा वेगाचा खटका कुठं सोडायचा, धडक दिली तर थांबून समोरच्याला आधी कसं जाऊ द्यायचं, सगळं. सहा महिन्यांत तिनं मला हरवलं. वर बक्षीस घेताना माझ्या पाया पडली.

हरण्याचं एवढं काही नाही, पण त्या पाया पडण्यानं माझ्या अंगाची जी आग झाली ती अजून विझलेली नाही. मी तिच्यावर जळत होतो. दुसऱ्या कोणी सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

पहिली उपांत्य शर्यत मी जिंकलो होतो. म्हणून नियमाप्रमाणे दुसरीत मी मार्शल होतो, तिसऱ्या वळणावर. म्हणजे चाक सुटलं तेव्हा तिच्या गाडीच्या सगळ्यात जवळ कोण, तर मी.

२

"कोणी हात लावू नका!" लतीफाआपा ओरडल्या.

लतीफाआपा म्हणजे जब्बारचाचांच्या पत्नी आणि आमच्या पंच. बसस्टँडजवळ त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे. आमच्या सगळ्यांच्या अंगावरची निळी, पाठीवर नंबर असलेली जाकिटं त्यांनीच शिवलेली. गाडीतलं त्यांना फार कळतं असं नाही, पण माणसाचं माप त्या नुसत्या नजरेनं घेतात.

चष्मा नाकावर ओढून त्यांनी गाडी उचलली. मागच्या चाकाला धरून ठेवणारा प्लास्टिकचा आर्म मधोमध तुटला होता. चाक ज्या दांडीवर बसतं तिच्या टोकाला लाल रंगाची बारीक रेघ होती, अर्धवट कापल्यासारखी.

"हे काय व बाई?"

"नेलपॉलिश आहे, आपा," वैभवी म्हणाली. "मी नट घट्ट केला का त्याच्यावरून दांडीवर एक रेघ मारतो. मोबाइलच्या स्क्रूले मारतो तशीच. नट हल्ला तं रेघ तुटलेली दिसते."

तेवढ्यात पहिल्या वळणाचा मार्शल हेमसिंग धावत आला. मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा हा गडी तिथल्या शाळेत खेळ शिकवतो. त्याच्या तळहातावर एक नट होता. "सरळ पट्ट्यात सापडला, आपा."

आपांनी नट उन्हात धरला. जुना, घासलेला. आतली नायलॉनची कडी, जिच्यामुळं नट धरून राहतो, ती पार झिजून गेलेली. लाल रेघ कुठंच नाही.

म्हणजे वैभवीचा नवा नट काढून कोणीतरी हा मेलेला नट बसवला होता.

मी तो ओळखला. एक कोपरा कानशीनं घासलेला होता आणि तो मीच घासला होता. माझ्या पेटीत खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीत मी असले निकामी नट साठवून ठेवतो. का, ते विचारू नका. वस्तू टाकवत नाहीत.

गप्प बसलो असतो तर चाललं असतं का? क्षणभर तोही विचार केला. पण हेमसिंगनं माझी डबी दहा वेळा उपसलेली.

"माझा आहे," मी म्हणालो.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. वैभवी सोडून. ती तुटलेल्या आर्मकडे बघत होती.

जब्बारचाचांनी जाऊन गेटला आतून कडी घातली. आपा शांतपणे म्हणाल्या, "चार वाजता फायनल. त्याच्या आधी ज्यानं हे केलं तो मले पाहिजे. त्यानं आपला रिमोट ट्रॉलीवर ठेवायचा अन् पुन्हा या आवारात पाय नाही ठेवायचा. जिंदगीभर."

आठवडाभर फायली सरकवतो तो मी या एका रविवारसाठी. ट्रॉलीवर उभा राहिलो की मला लोक नावानं ओळखतात. तेवढंही जाणार, असं मला तिथं उभ्या उभ्या दिसायला लागलं.

३

आपांनी चौकशी मांडली ती कापसाच्या जुन्या शेडमध्ये, चहाच्या किटलीशेजारी. मलाही त्यांनी बाजूला बसवून घेतलं. "तू इथंच बस, धम्मा. माझ्या नजरेसमोर."

पहिली वैभवी.

"नट शेवटचा कवा पाह्यला?"

"पहिली शर्यत संपून चहाची सुट्टी झाली तवा. चारही रेघा सलग होत्या. मग बाबाचा फोन आला, मी गेटापाशी गेली. वीस मिनिटांनी आली तं शर्यत पुकारली होती. पुन्हा पाह्यलंच नाही."

"त्या वीस मिनिटांत गाडी?"

"टेबलावर. सगळ्याईच्या सोबत."

"कोणावर शक?"

वैभवीनं माझ्याकडे पाहिलं, मग मान हलवली. "दादानं मले शिकवलं, आपा. दादा असं नाही करणार."

तिनं माझं नाव घेतलं असतं तर बरं झालं असतं. तिचा तो भरवसा मला सहन होईना.

मग हेमसिंग. तो टेबलाशेजारीच बॅटरी चार्ज करत बसला होता, हे त्यानं आपणहून सांगितलं.

"मंग तूच केलं असशीन," आपा म्हणाल्या.

"करू वाटलं असतं, आपा, खोटं कायले बोलू? दोन डाव हरलो तिच्याकडून. आमच्या शाळेतली पोरंबी तिचाच फोटो मोबाइलवर ठेवतेत, माहा नाही. पण माह्याच्यानं नसतं झालं. माह्या बोटाईले तं बॅटरीची पिन लावता नाही येत धड." त्यानं आपली जाडजूड बोटं पुढं केली.

"टेबलापाशी कोण आलं?"

"सगळेच आले. धम्माभौ पेटी उघडी ठेवून नळावर हात धुवाले गेले. नरेंद्रभाऊ आपली गाडी पुसत होते. वाशीमचे ते दोन पोट्टे सेल्फी काढत होते. मी तं चार्जरच्या लाइटीकडं पाहत होतो, तो एकदा गरम झाला का पेट घेते."

पेटी उघडी का ठेवली, असं तुम्ही विचाराल. ट्रॅकवर हत्यारांची पेटी बंद केली की लोक म्हणतात, याच्या मनात खोट आहे. पाना ज्याला लागेल त्यानं घ्यावा आणि परत ठेवावा, अशी आमची रीत. माझ्या पेटीत त्या दिवशी कोणाचाही हात जाऊ शकत होता.

आपांनी चहाचा घोट घेतला. "शर्यतीत काय झालं ते सांग. पह्यल्या वळणावरून तुले काय दिसलं?"

"नरेंद्रभाऊ पुढं, वैभवी त्याईच्या मागं चिकटून. दुसऱ्या फेरीत तिसऱ्या वळणाच्या आधी ती पुढं निघाली, अन् मंग चाक गेलं."

"पुढं निघाली, का त्यानं जाऊ देली?"

हेमसिंगनं डोकं खाजवलं. "ते काई ध्यानात नाही, आपा."

४

नरेंद्रभाऊंचं मोठं कृषी केंद्र आहे. त्यांची गाडी परदेशातून मागवलेली, पेटी मखमली अस्तराची. ट्रॅकवर त्यांची ख्याती एकाच गोष्टीची: वाट न देण्याची. तीन तीन फेऱ्या मागे असले तरी पुढच्याला आडवे येणार. जब्बारचाचांनी त्यांना दोनदा ट्रॉलीवरून उतरवलं होतं. तरी माणूस रुबाबदार. शेडमध्ये येऊन जाकिटाच्या दोन्ही खिशांत हात घालून उभे राहिले.

"आपा, माझी चौकशी कायले? नट ज्याचा तो सोताच तोंडानं सांगून राह्यला." त्यांनी माझ्याकडे हनुवटी उडवली. "चेली गुरूच्या पुढं गेली का असंच होते. अख्ख्या मालेगावाले माहीत हाये धम्माच्या पोटात काय जळते ते."

खरंच होतं ते.

"तुमी नाही जळत?" आपांनी विचारलं.

"मी? एका मोबाइलवालीवर?" ते हसले, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "माही गाडी पाहा, तिची पाहा. जुन्या गाड्याईचे तुकडे जोडून चालवते ते. अन् लोकं तिच्याच गाडीसोबत फोटो काढतेत, काढू दे बापा."

"तुमी शर्यतीत तिच्या पुढं होते."

"होतो ना! पाडाची असती तं धडकच देली असती. उलटं मी तिले वाट देली, आपा. तिसऱ्या वळणाच्या आधी गाडी बाहेरून घेतली, वेग कमी केला, म्हटलं जा बाई. विचारा या धम्माले, समोरच होता. नियमानं वागलो मी."

आपांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. खरं होतं. त्यांची गाडी टायरांच्या कडेला जाऊन जवळजवळ थांबलीच होती आणि वैभवीची आतून सपकन निघाली होती.

"बरं," आपा म्हणाल्या. "नियमानं वागले म्हणता. चांगलं झालं."

नरेंद्रभाऊ छाती काढून बाहेर गेले.

५

"आता तू," आपा माझ्याकडे वळल्या.

"आपा, मी नट बदलला नाही. मुलांची शपथ."

"पोरांची शपथ नको घेऊ. तू जळत होता का नाही?"

"होतो."

"किती?"

हा प्रश्न मला कोणी कधी विचारला नव्हता. "रात्री झोप लागत नाही इतका," मी म्हणालो. "ती जिंकली की मी टाळ्या वाजवतो आणि घरी जाऊन बायकोवर डाफरतो. तिला शिकवलं त्या दिवसाला शिव्या देतो. पण नट मी नाही बदलला."

"शर्यत चालू असताना तू कुठं पाहत होता?"

"तिच्याच गाडीकडे. पहिल्या फेरीपासून नजर काढली नाही. कुठं चुकते ते बघत होतो."

"नजर काढली नाही," आपा सावकाश म्हणाल्या. त्यांनी शिवणकामाच्या सवयीनं दोन बोटं चिमटीत धरली आणि सोडली. "चाल बाहेर. सगळ्याईले बोलाव."

आपांनी नेमकं काय हेरलं होतं ते मला कळलं होतं, आणि ते नटापेक्षा वाईट होतं.

६

आपा भिंतीवरच्या नियमांखाली उभ्या राहिल्या. अर्धवर्तुळात आम्ही सगळे.

"मले गाडीतलं कमी समजते," त्यांनी सुरुवात केली. "पण हे भिंतीवरचं मले पाठ हाये. वैभवी, वाट कोणी कोणाले द्याची?"

"एक फेरी मागं असन त्यानं पुढच्याले, आपा."

"दुसऱ्या फेरीत तू नरेंद्रभाऊच्या एक फेरी पुढं होती का?"

"नाही. मागंच होती. आमची बरोबरीची लढत होती."

"बरोबरीत वाट देते का कोणी?"

हेमसिंग फिस्सकन हसला. "बरोबरीत वाट देली तं शर्यत कायची, आपा?"

"तेच म्हणते मी. जो माणूस तीन फेऱ्या मागं असून वाट देत नाही, चाचानं ट्रॉलीवरून उतरवला तरी देत नाही, त्यानं आज नियमात नसताना वाट देली. अन् कुठं? ऐन तिसऱ्या वळणाच्या तोंडाशी. बाजूले होऊन गाडी थांबवलीच." आपा नरेंद्रभाऊंकडे वळल्या. "काहून बा? तुमाले माहीत होतं का वळणात तिचं चाक जाणार अन् ते गाडी मागून येऊन तुमच्या परदेशी गाडीवर आदळणार. चाक डुगडुगताना ट्रॉलीवरून तुमीच पाह्यलं. ट्रॉलीवर दुसरं कोणी तिच्या चाकाकडं पाहत नव्हतं, कारण दुसऱ्या कोणाले कुठं पाहाचं ते माहीत नव्हतं. गाडी वाचवली तुमी, अन् त्याले नियमाचं नाव देलं."

"हा काय पुरावा झाला?" नरेंद्रभाऊंचा चेहरा उतरला होता, पण आवाज चढा होता. "एक डाव सुधारलो तं गुन्हा? खिसे पाहा माहे!" त्यांनी दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. रुमाल, किल्ली, सुपारीची पुडी.

आपा हसल्या. "तीन खिसे हायेत. तिसरा दाखवा."

नरेंद्रभाऊंनी डावा हात अंगाशी घट्ट धरला.

"दिवाळीच्या आधी जाकिट शिवताना तुमीच म्हणे, आपा, डाव्या काखेत एक चोरखिसा ठेवजा. अस्तराच्या आतून. मीच शिवला, इसरन का? सुट्टीत तिचा नट काढला, धम्माच्या पेटीतला बसवला, अन् तेवढ्यात शर्यत पुकारली. मंग गेटाले कडी बसली. फेकाले फुरसतच नाही भेटली तुमाले."

जब्बारचाचा पुढं झाले. पण नरेंद्रभाऊंनी स्वतःच हात काखेत घातला. तळहातावर चकचकीत नवा नट होता, त्यावर लाल रेघेचा अर्धा तुकडा. आपांनी तो वैभवीच्या गाडीच्या दांडीवर धरला. रेघ जुळली.

मग नरेंद्रभाऊ म्हणाले, आणि त्यांचा तो रुबाबी आवाज कुठं गेला कोण जाणे, "माहा पोरगा मले म्हणते, पप्पा, तुमची गाडी एवढी भारी, तरी वैभवीताई कशी जिंकते? जेवताना रोज इचारते. रोज."

त्यांनी रिमोट ट्रॉलीवर ठेवला. मखमली पेटी उचलून गेटातून बाहेर पडले. मला त्यांचा राग आला नाही. तेच जळणं माझ्याही पोटात होतं.

७

लोक माझ्या पाठीवर थापा मारायला लागले. "सुटला रे धम्माभौ!" हेमसिंगनं मला मिठी मारली. आपा मात्र तशाच उभ्या होत्या, माझ्याकडे बघत. त्या बोलल्या नसत्या. ते माझ्यावर सोडलं होतं.

गप्प राहिलो असतो तर नागपूर माझंच होतं. वैभवीची गाडी मोडलेली, नरेंद्रभाऊ बाद.

"थांबा," मी म्हणालो. "मी चुकीचं बोललो मघाशी. म्हणजे, अर्धंच बोललो."

वैभवीनं वर पाहिलं.

"पहिल्या फेरीत तुझी गाडी माझ्यासमोरून गेली तेव्हा चाक डुगडुगत होतं. मला दिसलं. नंबर घेऊन ओरडायचं काम माझं होतं. तू गाडी थांबवली असतीस, दोन मिनिटांत नट बदलला असता. मी ओरडलो नाही." "विसरलो नव्हतो. तोंड उघडलं होतं आणि मिटलं. वाटलं, जाऊ दे. एकदा तरी हरू दे."

हेमसिंगचा हात माझ्या खांद्यावरून खाली आला.

वैभवी म्हणाली, "दादा, नंबर घेऊन ओरडाचं तुमीच शिकवलं होतं ना मले?"

एवढंच. कोणी मुस्काटात मारली असती तर कमी लागलं असतं.

आपांनी निकाल दिला. दुसरी उपांत्य शर्यत चार वाजता पुन्हा होणार, अंतिम त्यानंतर. मी अंतिम शर्यतीतून बाद, वर्षभर नुसता मार्शल. ट्रॅकवरून हाकललं नाही, कारण, त्या म्हणाल्या, "यानं तोंड उशिरा उघडलं, पण उघडलं." राहिला तुटलेला आर्म. तसा आर्म दुसऱ्या एकाच गाडीला होता, माझ्या. तिनं माझी गाडी बघूनच तसली जुनी गाडी शोधून जुळवली होती. मी पाना घेतला आणि माझ्या गाडीचा आर्म काढून तिच्या हातात दिला. तिनं घेतला, आभार मानले नाहीत, आणि बरं केलं.

नट बसवल्यावर तिनं पिशवीतून नेलपॉलिशची बाटली काढली आणि चारही चाकांवर नव्या रेघा मारल्या. मग बाटली माझ्यापुढं धरून म्हणाली, "तपासा, दादा."

मी चारही तपासल्या. एकेक करून, दोनदा.

वैभवी उपांत्य शर्यत आरामात जिंकली. अंतिम शर्यत सुरू झाली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. मी तिसऱ्या वळणावर. शेवटच्या फेरीत हेमसिंग आणि वैभवी बरोबरीत आले, तिची गाडी माझ्यासमोरच टायरला घासली आणि उलटली. मी धावलो. इतक्या वर्षांत कोणाचीही गाडी मी इतक्या चपळाईनं सरळ केली नसेल. ती सुटली, हेमसिंगला गाठलं आणि वीतभर अंतरानं जिंकली.

सगळे नाचत होते. ती ट्रॉलीवरून उतरली, चाचा आणि आपांच्या पाया पडली, आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. या वेळी वाकली नाही. हात पुढं केला, मी तो हातात घेतला.

"नागपूरले मार्शल लागते एक," ती म्हणाली. "आपल्या गाडीसोबत आपला माणूस न्यावा लागते. येसान?"

"येतो," मी म्हणालो.

पोट जळतच होतं. खोटं कशाला सांगू? पण आता कुठंही चाक डुगडुगलेलं दिसलं तर पहिला ओरडणारा मीच असेन.